गोधडीसाठी साठवलेल्या कापडाचा ढीग आवरेना. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की दोन ट्रंका आणि एक कपाट तुकड्यांनी भरलंय, डिचोलीच्या पावसात त्यांना कुबट वास येतो, आणि सगळं रंगाप्रमाणे लावलं तरी शिवायला काही सुचत नाही. रंगापासून सुरुवात केलीत म्हणूनच अडलंय. आधी ताकद, मग सूत, मग आकार, आणि रंग सगळ्यात शेवटी.

गणेश चवथ झाली, पाऊस उघडला की ढीग उपसा. प्रत्येक कापड उजेडासमोर धरून दोन्ही अंगठ्यांनी उभं-आडवं ताणा. चर्र आवाज आला किंवा घडीच्या रेषेवर विरलेलं दिसलं तर ते गोधडीत कुठेच नको, आतल्या थरातही नाही. टाक्यापाशी फाटून धुण्यात त्याचा गोळा होतो. ठशाच्या छपाईतला काळा भाग खास तपासा. त्या काळ्या रंगात लोखंड असतं आणि तिथलं सूत बाकीच्या कापडाच्या आधी कुजतं.

सुती की मिश्र हे हाताला कळलं नाही तर चार धागे ओढा आणि चिमट्यात धरून बशीवर पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटांत चुरगळणारी राख आली तर सुती. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. दोन्ही दिसलं तर मिश्र. सुती आणि पॉलिएस्टर एका गोधडीत शिवू नका. सुती आटतं, दुसरं आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात जोडांवर चुण्या पडतात. शिवाय आपल्या हवेत घाम न टिपणारं पांघरूण कोण घेणार? पॉलिएस्टरच्या पिशव्या शिवा. होजिअरी आणि जीन्सचं कापडही वेगळं काढा.

रंग जाण्याची भीती लाल आणि निळ्याला जास्त. कुणबी साडीचा तुकडा असेल तर हमखास तपासा. एक कोपरा भिजवा, त्यावर पांढरं सुती फडकं ठेवून इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उमटला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा. मिठाने रंग पक्का होतो यावर विसंबू नका. सगळंच कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच मापा.

मापं तीनच ठेवा: ५ इंची चौकोन, अडीच इंची पट्ट्या, आणि अर्ध्या मीटरहून मोठं असेल ते न कापता. सगळं एकदम कापायला मात्र बसू नका. एका गोधडीपुरतंच कापा, कारण एकदा चौकोन झालेल्या कापडाची गोधडीला पाठ, म्हणजे खालचा थर, होत नाही.

आणि ढीग खरा कमी होतो तो पाठीत आणि आतल्या थरांतच. हिशोब करून बघा. साधारण ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला ५ इंची चौकोन लागतात १३ गुणिले २०, म्हणजे २६०. दोन्ही बाजूंना पाव इंच शिलाईत गेलं की चौकोन साडेचारचा उरतो. ४४ इंची पन्ह्याच्या एका मीटरमधून ५६ चौकोन निघतात, म्हणजे वरचा थर पावणेपाच मीटरमध्ये आटोपला. पाठ आणि आतले दोन थर मिळून त्याच पन्ह्याचं साडेनऊ मीटर कापड खातात. गोव्यात कापूस भरायची गरजच नाही. नावडत्या प्रिंटचे मोठे तुकडे आत घाला. पाठीला साडीचे दोन भाग जोडले की झालं. रंग जुळत नाही म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊ नका, नाहीतर ढीग आणखी वाढेल.

आतले तुकडे जोडताना उलटी शिवण घालू नका, तिथे वळ उठतो आणि सुई अडते. कडा अर्धा इंच एकावर एक ठेवून कच्चा टाका घाला. धावदोऱ्याच्या ओळींत एक इंचापेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर आतले थर सरकतात.

आता रंग. फिकट, मध्यम, गडद एवढेच तीन गठ्ठे पुरेत. डोळा फसतो, म्हणून तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. झगझगीत लाल आणि गर्द हिरवा त्यात अगदी सारखे दिसतील, म्हणजे ते शेजारी ठेवले तर नक्षी उठून दिसणार नाही.

वेड्यावाकड्या तुकड्यांसाठी सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. जुनी साडी पसरून त्या कडेपासून तुकडे लावत, कडा आत दुमडत, धावदोऱ्याने फिरत फिरत मधोमध येतात. मोजमाप नाही, चौकोन नाही. दीड इंचाहून लहान चिंध्या उशीत भरा, पण उशी गच्च करू नका, धुतल्यावर आतून वाळत नाही.

उरलेलं कापड ठेवताना खळ धुऊन काढा. कसर खळीवरच येते. लाकडी फळीवर आधी जुनी सुती चादर घाला, लाकडाला टेकलेलं कापड पिवळं पडतं. पूर्ण न वाळलेलं कापड प्लास्टिकमध्ये बांधलं तर बुरशी आलीच. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधा, थेट कापडावर नकोत. आणि मे महिन्यात, पावसाआधी, सगळ्या घड्या मोडून नव्या रेषेवर घाला.