जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० रोज मुंबईत चालवायची आहे. आधी रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) करू की गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाकू?

दोन्ही थांबवा, आधी गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन बघा. हिच्या सहा गिअरच्या डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) क्लच तेलात बुडालेले असतात, म्हणून दर ६०,००० किमीला तेल आणि फिल्टर बदलावे लागतात. बिलात नोंद नसेल तर झालंच नाही असं धरा. मग गाडी लिफ्टवर घेऊन पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश टॉर्चने बघा: पावसाळी खड्ड्यांनी आधी रबर चिरतं, मग टायर आतल्या कडेने झिजतो. बुश, शॉकर, ब्रेक ऑइल, स्पार्क प्लग झाले की स्टेज १ रीमॅप (फक्त सॉफ्टवेअर, पार्ट न बदलता) खुशाल करा. स्प्रिंग मात्र नकोच, सोसायटीच्या गतिरोधकावरसुद्धा इंजिनखालचं तेलाचं चेंबर घासेल. आणि रीमॅप विमा कंपनीला कळवा, नाहीतर क्लेम अडकू शकतो.