बायोम शिकायचेत? नाशिकपासूनच सुरू करा

बायोम म्हणजे सारखी परिस्थिती आणि तिला साजेशी झाडं-प्राणी असलेला मोठा नैसर्गिक प्रदेश. सुरुवातीलाच जगभरच्या बायोमची यादी पाठ करू नका. आधी दोनच गोष्टी बघायची सवय लावा: वर्षाचा पाऊस आणि तापमान. जमिनीवरच्या बायोमचं निम्मं कोडं तिथेच सुटतं.

ते आपल्याच जिल्ह्यात दिसतं. इगतपुरीत घाटमाथ्यावर धो धो पाऊस, म्हणून दाट झाडी. तिथून पूर्वेला येवल्याकडे जा, पर्जन्यछायेत झाडं विरळ होत जातात आणि ममदापूरला गवताळ माळावर काळवीट चरताना दिसतात. ही एक फेरी नक्की करा.

नवीन माणसं हमखास अडखळतात ती इथे:

- वाळवंट म्हणजे उष्ण, असं धरून चालतात. वाळवंट ठरतं कमी पावसावर. म्हणून अंटार्क्टिकाही वाळवंटच.
- गवताळ प्रदेशाला पडीक समजतात. कृपा करून हे करू नका. गवताची मुळं, किडे, त्यांवर जगणारे पक्षी असं भरलेलं जग असतं ते.
- पाणी विसरतात! पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राखाली आहे. पाण्यात मात्र पावसाऐवजी खारेपणा, खोली आणि प्रकाश बघायचा.

गोड्या पाण्यासाठी नांदूर मध्यमेश्वर गाठा. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं ते. हिवाळ्यात, सकाळी लवकर. पाणवनस्पतींवर लांब बोटं पसरून चालणारी जांभळी पाणकोंबडी दुर्बिणीतून नीट बघा. दलदलीत पाय कसे लागतात ते लगेच कळेल.

टुंड्रा (अतिथंड, झाडं नसलेला प्रदेश), तैगा (थंड प्रदेशातली सूचिपर्णी जंगलं) यांचे उपप्रकार सध्या राहू द्या. फेरी झाली की काय दिसलं ते सांगा, मग पुढचं बोलू.