फोन तिच्या हातातून घ्या

ताई,

तुमचे पती इथिओपियाचे. इथल्या विद्यापीठात शिकायला आले तेव्हा ओळख झाली, लग्नानंतर बारा वर्षं अदिस अबाबाला राहिलात. ते गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, लेकीला घेऊन छत्रपती संभाजीनगरला माहेरी आलात. लेक आता पंधरा वर्षांची. वर्गातली पोरं तिला ‘आफ्रिका’ म्हणून हाक मारतात, भावजय डाळीचं पीठ नि साय लावायला सांगते. आता भाच्याच्या लग्नाला यायला ती नाही म्हणते. तिची समजूत कशी काढू, असं विचारता.

मी मात्र तुमच्या शेवटच्या ओळीशी अडकले. ‘फोटो छान काढते, म्हणून घरच्या प्रत्येक कार्यात फोन तिच्याच हातात असतो.’

चार वर्षांत किती कार्यं झाली? बारशी, वास्तुशांती, दिवाळ्या. त्यातल्या किती फोटोंत तुमची लेक आहे? आत्ता फोन उघडा आणि मोजा. भावजय निदान तोंडावर बोलते. तुम्ही एक अक्षर न बोलता लेकराला बाजूला काढलंत आणि त्याला कौतुक म्हणालात. लग्नाला ती कशाला येईल? पुन्हा सगळ्यांना ‘जरा जवळ या’ म्हणायला?

सावळ्या विठ्ठलाचा दाखला मी देणार नाही. वारी करणाऱ्या घरांतही सून गोरीच शोधतात, हे तिला कळतं. पण ज्या शहरात तिला ‘तू कुठली?’ विचारतात, ते १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी म्हणून वसवलं. तोही इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेला, पुढे निजामशाहीचा वजीर झाला, नहर बांधून या शहराला पाणी पाजलं. १६२६ मध्ये वारला. कबर खुलताबादला आहे, तुमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. एकदा तरी नेलंत तिला? वडिलांच्या मुलखातला माणूस या मातीत आहे, हे बाप गेलेल्या लेकराला दुसरं कोण सांगणार होतं?

आज रात्री तिच्याजवळ बसा. ‘चुकलं माझं’ एवढंच म्हणा, कारणं सांगू नका. मग भावाला स्पष्ट सांगा की नवरदेवाची करवली माझी लेक, कलश घेऊन त्याच्या मागे तीच उभी राहील. आणि हळदीच्या दिवशी सकाळीच फोन भावजयीच्या हातात द्या. फोटो त्या काढतील.