चॅट्सवर्थची पागा बघताना

इंग्लंडमधल्या डर्बीशायरला चॅट्सवर्थ हा डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचा वाडा बघायला निघालाच आहात, तर वाड्यातच सगळा दिवस घालवू नका. जवळच्या चढावरची पागा आधी गाठा. वास्तुकार जेम्स पेनने 1760 च्या सुमारास चौथ्या ड्यूकसाठी बांधलेली ही चौसोपी इमारत माझ्या मते वाड्याहून जास्त शिकवते. दरवाजाशी घाई करू नका. चार डोरिक (साध्या ग्रीक धाटणीचे) खांब, वर ड्यूकच्या घराण्याचं कुलचिन्ह आणि दोन्ही बाजूंना दगडी सांबरं. मान वर करून त्यांची शिंगं नीट न्याहाळा: ती कोरलेली नाहीत, खरी आहेत!

मग चौकात उभं राहून कामाची मांडणी समजून घ्या. खाली 80 घोड्यांची सोय आणि लोहारकाम, वर दाणागोट्याची कोठारं आणि नोकरांच्या खोल्या, अशी ती होती. तिथल्या एका दारावर 'तिसरा पोस्टिलियन' असं इंग्रजीत रंगवलेलं आहे. पोस्टिलियन म्हणजे गाडीच्या घोड्यावर बसून गाडी नेणारा. शेवटचे घोडे 1939 मध्ये गेले. आता तिथे उपाहारगृह नि दुकानं आहेत, पण गर्दीमुळे हिरमुसू नका. मागची बग्ग्यांची इमारत सहाव्या ड्यूकने नंतर बांधली. ती वेगळी धरा.