शाकाहारी आईला घेऊन जपानमधलं जुन्या वळणाचं गाव पाहायचं असेल तर कुठे जावं, काय खावं?

टोकियो-क्योटोची गर्दी टाळून एखादं जुनं गाव निवांत पाहायचंय, तिथलं खाणंही चाखायचंय आणि सोबत शाकाहारी आई आहे, असा तुमचा प्रश्न. मी नागोयात नोकरीला असल्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे: डोंगरातलं ताकायामा. पण तिथे एक रात्र मुक्काम करा.

पहिल्यांदा मी दुपारी बाराला पोहोचलो आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो. सानमाची या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत लोकांच्या पाठींखेरीज काही दिसलं नाही. पाचच्या सुमारास दुकानं बंद व्हायला लागली, गर्दी ओसरली, काळपट लाकडी जाळ्यांची घरं आणि रस्त्याकडेच्या पन्हाळीतून वाहणारं पाणी नजरेत भरायला लागलं, तोवर मला स्टेशन गाठायचं होतं. पुढच्या खेपेपासून मी तिथे राहतोच.

नागोयाहून ‘हिदा’ नावाची एक्स्प्रेस साधारण अडीच तासांत पोहोचवते. सुटताना सगळ्या खुर्च्या उलट्या दिशेला असतात, घाबरू नका. गिफू स्टेशनवर गाडीची दिशा बदलते आणि आपण सरळ होतो. पुढे नदीकाठचा घाट सुरू होतो. तेव्हा मोबाइल खिशात ठेवा.

सकाळी नाश्त्याआधी बाहेर पडा. मियागावा नदीच्या काठी आणि जुन्या कचेरीसमोर असे दोन बाजार भरतात, उन्हाळ्यात सातपासून, थंडीत आठपासून, दुपारी बारापर्यंत. कचेरीसमोरचा लहान आहे, पण मला तोच आवडतो. तिथे आजीबाई आपल्या शेतातली भाजी, फळं, फुलं आणि लाल सलगमाचं लोणचं घेऊन बसतात. चव बघायला एक फोड पुढे करतात, मग न घेता पाय निघत नाही. दुकानांतून बिनचेहऱ्याची लाल बाहुली लटकलेली दिसेल, ती सारुबोबो, म्हणजे माकडाचं पिल्लू. ‘सारु’चा दुसरा अर्थ ‘निघून जाणं’, म्हणून पीडा टळावी यासाठी ती देतात.

ती कचेरी म्हणजे ताकायामा जिन्या. 1692 मध्ये शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या सरकारने इथल्या सरदार घराण्याला हलवून हा मुलूख थेट आपल्या ताब्यात घेतला. इथली जंगलं आणि खाणी त्याला हव्या होत्या. अशा कचेऱ्या देशभर होत्या, पण इमारतीनिशी उरलेली ही एकच. आत तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या खोल्या, तांदळाची कोठारं आणि आरोपींची चौकशी करायची, अंगावर काटा आणणारी खोलीही आहे. खिळे झाकायला सशाच्या आकाराची झाकणं बसवलीत, ती आईला शोधायला सांगा. हिदाचे, म्हणजे या भागाचे सुतार पूर्वीपासून नावाजलेले. नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात या भागाने कराऐवजी कारागीर राजधानीला पाठवले होते. गावातलं लाकूडकाम पाहताना हे आठवतंच.

आता खाणं. इथली ख्याती हिदा-ग्यूची, म्हणजे गोमांसाची. काडीवर भाजलेलं, भातावर ठेवलेलं, क्रोकेटमध्ये भरलेलं, ते सगळीकडे असतं. क्रोकेट बाहेरून बटाटावड्याच्या भावंडासारखं दिसतं, म्हणून विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका.

पण खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे बहुतेक ठिकाणी कात्सुओबुशीचं, म्हणजे सुकवून, धुरवून लाकडासारख्या कडक केलेल्या माशाचं पाणी. सूप, सोबा (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स), उकडलेल्या भाज्या, सगळ्यात ते असतं. ‘मांस नाही’ एवढंच सांगितलंत तर हसतमुखाने तेच पुढे येतं. पाठ करून जा: ‘कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमासु का?’ (यात माशाची दाशी आहे का?) मुक्कामाच्या जागी जेवण घेणार असाल तर बुकिंग करतानाच मांस, मासे आणि दाशी चालत नाही असं लिहून कळवा. ऐनवेळी सांगून स्वयंपाक बदलत नाही.

आईला खायला घालायचं ते मिताराशी दांगो. तांदळाच्या पिठाच्या पाच गोळ्या काडीला लावून निखाऱ्यावर भाजतात. इतरत्र त्यावर गोड चिकट सॉस असतो, इथे सोया सॉसमध्ये बुडवून खरपूस करतात, गोडवा नाहीच. उकड तव्यावर लागली की जी चव येते, तिच्या जवळपासचं काहीतरी. दुसरा पदार्थ गोहेइमोची: अर्धवट कुटलेला भात काडीवर थापून, वर अक्रोड किंवा मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट पेस्टचा) लेप देऊन भाजलेला. तिसरा होबा-मिसो. मॅग्नोलियाच्या सुकलेल्या मोठ्या पानावर मिसो, कांद्याची पात आणि मशरूम ठेवून ते छोट्या शेगडीवर तापवतात. पानगीला केळीच्या पानाचा वास लागतो तसा मिसोला त्या पानाचा लागतो आणि दोन वाट्या भात कधी संपतो कळत नाही. पण मिसोत दाशी मिसळलेली असू शकते, तेव्हा वरचं वाक्य इथेही वापरा.

तुम्ही स्वतः मांसाहारी असाल तर ताकायामाचं चुका-सोबा, म्हणजे इथलं रामेन, एकदा खाच. बारीक, वळणदार नूडल्स आणि सोया सॉसचा पातळ रस्सा. तिखट मात्र काही नसतं, चटणीची डबी बॅगेत असू द्या.

14-15 एप्रिल किंवा 9-10 ऑक्टोबरला जत्रेचे रथ निघतात. तेव्हा जायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी पकडा. एरवी रथ पाहायचे तर साकुरायामा हाचिमान देवळाशेजारच्या संग्रहालयात जा. गवताच्या उतरत्या छपरांचं शिराकावा-गो बसने तासाभराच्या आत आहे. जमलं तर जा, पण त्यासाठी बाजाराची सकाळ घालवू नका.

आईला वाकून नाड्या बांधाव्या लागणार नाहीत असे बूट द्या. ताकायामा जिन्या कचेरीत आणि जुन्या घरांत ते पुन्हापुन्हा काढावे लागतात. थंडीत जाणार असाल तर जाड मोजेही घ्या, ती लाकडी जमीन बर्फासारखी असते.