आकडा खरा, पण कुठल्या चित्राचा?

ग्राफिक्स कार्डांविषयी वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न : एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय घ्यावं की एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी, यावर अडलोय. मॉनिटर १४४०पी (२५६० × १४४० ठिपके), १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ चित्रं) आहे. एका चाचणीत दोन्ही बरोबरीत दिसतात, दुसरीत एनव्हिडियाचं बरंच पुढे. कोणाचं खरं मानायचं? (नाशिक)

उत्तर : दोन्ही चाचण्या खऱ्या असू शकतात. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) बंद असेल तर ही कार्डं जवळपास बरोबरीने चालतात. एखाद्या गेममध्ये हे थोडं पुढे, एखाद्यात ते. रे ट्रेसिंग लावलं की अंतर वाढतं, आणि ‘सायबरपंक २०७७’मधल्या पाथ ट्रेसिंगसारख्या, म्हणजे सगळाच प्रकाश तसा मोजण्याच्या, जड कामात एनव्हिडिया सरळ निघून जातं. म्हणून सरासरी बघण्याआधी गेमची यादी बघा. यादी पाथ ट्रेसिंगच्या गेमनी भरलेली असेल आणि तुम्ही त्यातला एकही खेळत नसाल, तर ती सरासरी तुमच्या काय कामाची?

खोक्यावरच्या आकड्यांवरूनही निकाल लागत नाही. ५०७० टीआयमध्ये ८९६० कोअर, ९०७० एक्सटीमध्ये ४०९६. पण दोघांची कोअर मोजण्याची रीतच वेगळी, त्यामुळे ही तुलना म्हणजे पायली आणि लिटरची तुलना. मेमरी दोन्हीकडे १६ जीबी. वीज ३०० आणि ३०४ वॅट, म्हणजे तिथेही फरक नाही.

फरक पडतो तो अपस्केलिंगमध्ये, म्हणजे लहान चित्र काढून मोठं करण्यात. १४४०पीवर ‘क्वालिटी’ निवडलं की दोन्ही कार्डं आतून सुमारे १७०७ × ९६० चंच चित्र काढतात आणि मोठं करतात. मोठं कसं करतात, त्यावर चित्र ठरतं. एएमडीच्या अपस्केलरच्या जुन्या आवृत्त्यांत, एफएसआर २ आणि ३ मध्ये, पानं, जाळ्या, तारा चमचमायच्या, हलत्या माणसामागे भुताटकीसारखी रेघ राहायची. एफएसआर ४ मशीन लर्निंगवर चालतं आणि हे दोष त्यात खूपच कमी झालेत. एनव्हिडियाचं डीएलएसएस ४ अजून थोडं सरस वाटतं, पण फरक शोधावा लागतो. अडचण एवढीच की एफएसआर ४ सगळ्या गेममध्ये नाही. एफएसआर ३.१ असलेल्या बऱ्याच गेममध्ये ते एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमधून लावता येतं. गेममध्ये फक्त एफएसआर २ असेल, तर तसं चित्र सोसा किंवा अपस्केलिंग बंद करून वेग सोडा. चित्र बरोबरीला आणताना जितका वेग गमवावा लागतो, तेवढंच ते कार्ड मागे, असं धरून चाला.

बाजारात उतरताना किंमत ७४९ आणि ५९९ डॉलर होती. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि आयातदाराची मेहरबानी, त्यामुळे त्या दिवसाचा दुकानातला भावच खरा. आमचं मत विचाराल तर फरक पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर ५०७० टीआय. त्याहून जास्त असेल आणि तुमच्या गेममध्ये एफएसआर ४ चालत असेल, तर ९०७० एक्सटी घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला पॉवर सप्लाय.

प्रश्न : मित्राकडे एक कार्ड आहे, माझ्याकडे दुसरं. दोन दिवस अदलाबदल करून स्वतः तुलना करायची आहे. रीतसर कशी करावी? (ठाणे)

उत्तर : दोन्ही कार्डं एकाच पीसीवर तपासा. कार्ड बदलताना इंटरनेट काढा, सेफ मोडमध्ये ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ चालवून जुना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मुळापासून काढा, मगच नवा टाका. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू आणि रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (जाहीर वेगाचं) प्रोफाइल लावलेलं असू द्या. व्हीसिंक (फ्रेम पडद्याच्या तालाशी बांधणं), फ्रेमची मर्यादा, फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम भरणं), डायनॅमिक रेझोल्यूशन सगळं बंद. शेवटचं विसरलात तर वेग वाढतो आणि चित्राचं रेझोल्यूशन गुपचूप उतरतं.

मोजणीला ‘कॅपफ्रेमएक्स’ मोफत मिळतं. कार्ड १५ मिनिटं तापू द्या, कारण थंड कार्ड सुरुवातीला जास्त क्लॉक (चिपचा वेग) दाखवतं. मग एकाच ठिकाणाहून, एकाच वाटेने ६० सेकंदांची फेरी, चार वेळा. पहिली फेरी टाकून द्या, तिच्यात शेडर (रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याचे धक्के मिसळलेले असतात. उरलेल्या तिन्हींची सरासरी आणि ‘१ टक्का लो’ (सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा वेग) लिहून ठेवा. सरासरी ११० आणि लो ४५ असेल तर खेळताना अडखळल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा १०० आणि ८० वालं कार्ड बरं.

कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या खाली दिसला तर थांबा. तुम्ही बहुधा प्रोसेसर मोजताय. रायझन ५ ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर १०८०पीला ही दोन्ही कार्डं जवळजवळ सारखाच आकडा देतील, आणि त्यात दोष कुठल्याच कार्डाचा नसेल. रेझोल्यूशन वाढवा.

आता चित्र. इथे बहुतेकांची फसगत स्क्रीनशॉटमुळे होते. कॅमेरा दोन सेकंद स्थिर ठेवला की कुठलाही अपस्केलर आधीच्या फ्रेम गोळा करून छान दिसतो. त्याचे अवगुण हलताना कळतात. म्हणून रेलिंग किंवा झाडीसमोर कॅमेरा सावकाश फिरवा, धावत्या पात्राच्या पाठीमागची कड बघा, पाऊस आणि ठिणग्या बघा. रेकॉर्डिंग ४के, ६० फ्रेम, १०० एमबीपीएसच्या आसपास ठेवा. त्याहून फार कमी ठेवलं तर व्हिडिओच्या दाबणीतच बारकावे जातील आणि तुम्ही कार्डाला नावं ठेवाल. एचडीआर (जास्त उजेड-रंगांचं चित्र) बंद ठेवा, नाहीतर साध्या पडद्यावर फोटो फिके दिसतात.

शार्पनिंगची पट्टी दोन्हीकडे सारखी करा. ड्रायव्हरमधलं शार्पनिंग तर बंदच. धारदार चित्र पहिल्या नजरेला नेहमी जिंकतं, पण कडांना पांढरी झालर आली की ओळखा, तो बारकावा नव्हे, नुसती धार आहे.

प्रश्न : ५०७० टीआय १२० हर्ट्झच्या टीव्हीला जोडलंय. फ्रेम जनरेशन ४एक्सवर ठेवलं की ११६ एफपीएस (सेकंदाला फ्रेम) दिसतात, पण माउस जड वाटतो. कार्डात बिघाड आहे का? (नागपूर)

उत्तर : कार्ड ठणठणीत आहे. जी-सिंक (पडदा कार्डाच्या तालावर चालवणं), व्हीसिंक आणि रिफ्लेक्स (हाताचा उशीर कमी करणारी सोय) एकत्र असले की १२० हर्ट्झवर फ्रेम ११६ ला अडतात. ४एक्समध्ये खऱ्या एका फ्रेममागे तीन बनवलेल्या असतात. म्हणजे ११६ भागिले ४, खऱ्या फ्रेम फक्त २९. तुमच्या हाताची दखल दर ३४ मिलिसेकंदांनी घेतली जाते. २एक्स केलंत तर खऱ्या फ्रेम ५८ होतील आणि हाताला लगेच हलकं वाटेल. चित्रही सुधारेल, कारण बनवलेली फ्रेम दोन जवळच्या फ्रेमच्या मधली असेल. ४एक्स शोभतं २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर, आणि तेही फ्रेम जनरेशन नसताना ६० च्या आसपास मिळत असतील तरच. एकाचे चौपट आणि दुसऱ्याचे दुप्पट केलेले आकडे शेजारी मांडणारा तक्ता दिसला, तर पान उलटा.

प्रश्न : एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं बसवलं. टीव्हीवर काळा रंग राखाडी दिसतो, सगळं धुतल्यासारखं. एएमडीचे रंगच चांगले म्हणतात ते खरं का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. एचडीएमआयवर टीव्ही दिसला की कार्ड कधी कधी काळ्या-पांढऱ्यामधल्या पायऱ्यांची मर्यादित रेंज पाठवतं, म्हणजे ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५. टीव्ही पूर्ण रेंजची वाट बघत असेल तर काळा राखाडी होतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘चेंज रेझोल्यूशन’मध्ये खाली ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ आहे, ती ‘फुल’ करा. उलट अंधारातले तपशील गडप झाले तर टीव्हीची ब्लॅक लेव्हल बदला. दोन्ही टोकं जुळली की रंगांत फरक उरत नाही.

प्रश्न : वेगासाठी कंपन्या ड्रायव्हरमध्येच चित्र बिघडवतात, असं एक जुने जाणकार सांगतात. तथ्य आहे? (पुणे)

उत्तर : जुन्या काळापुरतं, हो. २००१ मध्ये एटीआयच्या (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली) रेडिऑन ८५०० चा ड्रायव्हर ‘क्वेक ३’ हा गेम नावावरून ओळखायचा. फाइलचं नाव बदललं की वेग उतरायचा आणि टेक्स्चर (पृष्ठभागावरची नक्षी) स्पष्ट व्हायचे. मे २००३ मध्ये फ्यूचरमार्क कंपनीने आपल्या ‘३डीमार्क०३’ या चाचणीत दुरुस्ती केली, तेव्हा एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण २४.१ टक्क्यांनी घसरले, रेडिऑन ९८०० प्रोचे १.९ टक्क्यांनी. त्या चाचणीत कॅमेऱ्याची वाट ठरलेली होती, म्हणून वाटेवरून न दिसणारा भाग एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढतच नव्हता. आज नजर ठेवायची ती मेमरीवर. ८ जीबीचं कार्ड भरलं की काही गेम आपणहून पुसट टेक्स्चर लावतात. आलेखात वेग शाबूत दिसतो, भिंत मात्र चिखलासारखी.

प्रश्न : नवं ५०७० टीआय आलंय. आधी काय तपासू? (अकोला)

उत्तर : कार्डाची माहिती दाखवणाऱ्या ‘जीपीयू-झेड’मध्ये आरओपी (चित्राचे ठिपके लिहिणारे चिपमधले भाग) ९६ दिसायला हवेत. पहिल्या खेपेतल्या काही कार्डांत ८८ च निघाले होते. तसं असेल तर बदलून मागा. १६ पिनांची केबल कट्ट आवाज येईपर्यंत बसवा, फट राहू देऊ नका, आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत ती वाकवू नका. अर्धवट बसलेल्या पिना तापतात. पॉवर सप्लाय ७५० वॅटचा हवा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, गेम सुरू असताना वीज गेली तर तो तग धरणार नाही.