ओटर विमानाच्या मॉडेलवर रंग खरबरीत येतोय, काय करू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की धुळ्यात राहता, १/७२ चं (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं) ओटर हे तुमचं पहिलंच किट, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा ब्रश) नवीन घेतलाय, आणि पंखावर हिरवा मारला की हाताला पॉलिश पेपरसारखा लागतो, वर पावडर बसल्यासारखी. मग रंगाची कंपनी बदलू का, असं विचारलंय. रंग नका बदलू, स्प्रे करायची वेळ बदला. मी जळगावचा, मे महिन्यात दुपारी तीनला स्प्रे करून दोन मॉडेलं अशीच घालवलीत म्हणून सांगतोय.

होतं काय, एअरब्रशमधून जो बारीक थेंब निघतो तो प्लास्टिकवर ओला पोचला पाहिजे आणि तिथं जाऊन पसरला पाहिजे. आपल्याकडे ४३-४४ डिग्री आणि हवा कोरडीठाक, त्यामुळे थेंब वाटेतच वाळतो आणि पंखावर कोरडा कण येऊन पडतो, तीच तुमची पावडर. आजी बिबडे (ज्वारीचे पापड) टाकायला भल्या पहाटे गच्चीवर जायची, उन्हं चढली की पीठ थापता थापताच सुकतं, कडा फाटतात. ॲक्रिलिक रंगाचंही तसंच आहे, पसरायला वेळ मिळाला नाही की गेलाच.

तर सकाळी साडेपाच ते साडेसात एवढ्यात स्प्रेचं काम उरका. तुम्ही तामिया ॲक्रिलिक वापरताय म्हणालात, तर एक भाग रंगाला दीड ते दोन भाग त्याचंच थिनर घाला आणि उन्हाळ्यात रिटार्डरचे दोन-तीन थेंब टाका, त्याने रंग उशिरा वाळतो. प्रेशर १२ ते १५ पीएसआय, आणि एअरब्रश जवळ धरा, पाच-सहा सेंटीमीटरवर. नवीन माणूस भीतीने वीतभर लांब धरतो आणि तिथंच फसतो. हात फिरला की रंग क्षणभर ओला चमकायला हवा आणि मग मॅट व्हायला हवा, मारल्या मारल्या लगेच मॅट दिसला तर समजा की कोरडा बसतोय. नोझलच्या टोकावर रंग साचतो तो दर दोन मिनिटांनी थिनरमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसायचा. आत्ता जो खरबरीत झालाय तो २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, फारच बिघडला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळा निघतो, प्लास्टिकला काही होत नाही.

सकाळी जमतच नसेल, ड्युटी असेल, तर कूलर आहेच. अर्धा तास आधी खोलीत चालवा, हवा गार आणि दमट होऊ द्या, मग बंद करा आणि मगच स्प्रे करा. चालू कूलरसमोर अजिबात बसू नका, गवताची कुसं उडून थेट ओल्या रंगात येतात, मी चिमट्याने काढत बसलोय. खिडकी उघडी ठेवा आणि मास्क लावा, हे ॲक्रिलिक असलं तरी थिनरमध्ये अल्कोहोल असतं. लॅकर रंग वापरत असाल तर ही कूलरची युक्ती नको, दमट हवेत लॅकर पांढरट पडतो, आपल्याकडे जुलै-ऑगस्टला तेच होतं.

आता ओटरबद्दल थोडं, कारण पहिलंच किट म्हणून हे निवडलंत याचा मला खरंच आनंद झाला. सगळे मिग आणि सुखोईच्या मागे असतात. हे कॅनडाच्या डी हॅविलंडचं १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, एकच इंजिन, दहाएक माणसं किंवा सामान घेऊन छोट्याशा धावपट्टीवरून निघणारं कामाचं विमान. अमेरिकन आर्मीत याला यू-१ए म्हणायचे, यू म्हणजे युटिलिटी. आपल्या हवाई दलाच्या ४१ नंबर स्क्वाड्रनचं नावच ओटर्स आहे, आज ते डॉर्नियर उडवतात तरी नाव तेच.

मॉडेलवर पंख साडेचोवीस सेंटीमीटरचा होतो आणि तो वरती बसतो, खाली दोन्ही बाजूंना तिरपे दांडे. गडबड इथंच होते. दांडे आधी चिकटवू नका, पंख बसवून समोरून डोळ्यासमोर धरून दोन्ही टोकं एका उंचीवर आहेत का बघा, मास्किंग टेपने रात्रभर बांधून ठेवा, मग दांडे लावा. आणि तयार मॉडेल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून कुणाला दाखवायला नेऊ नका, माझा एक पंख बंद गाडीत उन्हाने खाली वाकला तो परत सरळ झाला नाही. इंजिन नऊ सिलेंडरचं आहे, समोरून स्पष्ट दिसतं, आधी पूर्ण काळं करा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने चांदी नुसती फिरवा, पंख्याच्या पात्यांमागे कूलिंगच्या एकेक रेषा उठून येतात, तेवढं पाच मिनिटांचं काम पण मॉडेल जिवंत होतं. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) लावण्याआधी ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक रंगाचा, हात मारा, नाहीतर खाली हवा अडकून चकाकते, आणि बोअरचं पाणी घेऊ नका, आपल्याकडचं पाणी जड, वाळलं की गोल चक्राभोवती पांढरा डाग राहतो. आरओचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या.

अमेरिकन मार्किंग करू की भारतीय, हेही विचारलंत. मी तुमच्या जागी असतो तर किलो फ्लाइटचं ओटर केलं असतं. १९७१ च्या सप्टेंबरात दिमापूरला बांगलादेशी वैमानिकांची ही तुकडी उभी राहिली, जवळ एक ओटर, एक ॲल्युएट हेलिकॉप्टर आणि एक डाकोटा एवढंच. ३ डिसेंबरच्या रात्री हे सामान वाहणारं ओटर त्रिपुरातल्या कैलाशहरहून निघालं आणि चितगावच्या तेलसाठ्यावर रॉकेट मारून परत आलं. पंखाखाली दोन्हीकडे एकेक पॉड, म्हणजे रॉकेटचं नळकांडं, प्रत्येकात सात रॉकेट. किटमध्ये हे पॉड मिळणार नाहीत, पण बॉलपेनची रिकामी रिफिल साधारण त्याच जाडीची असते. आतली शाई थिनरने धुवा, फोटोवरून लांबी मोजून कापा, तोंडावर प्लास्टिकची गोल चकती चिकटवा आणि गरम न करता सुईने सात टोचे पाडा, एक मधे आणि सहा भोवती. दोन पॉडला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. रिफिलच्या प्लास्टिकला किटचा सिमेंट (मॉडेल जोडायचा गोंद) धरत नाही, सुपरग्लू वापरा आणि आधी जरा घासून घ्या.

रंग कसा आला ते इथंच सांगा आणि पंखाचा फोटो तिरप्या उजेडात काढून टाका, त्यात खरबरीतपणा लगेच कळतो.